दार वाजवणारे सर

आमचे सर रोज सकाळी ऑफिसचं कुलूप स्वतःच्या किल्लीनं काढायचे, कडी सरकवायचे आणि मग बंद दारावर दोनदा टकटक करून थांबायचे. आत कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. कुलूप बाहेरून होतं आणि खिडकीला गज होते. कामावरच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे जिन्यावर उभी होते. मला वाटलं, आत कोणाला कोंडून ठेवलंय की काय.

"सर, आत कोण आहे?"

"कोण असणार? पाल असंल, एखादं उंदराचं पिल्लू असंल. एकदम घुसलो तर त्यांना तकलीफ न्हाई का?"

संध्याकाळी घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मानूस गरीब दिसतो, पन उन्हात लई फिरला असंल."

हिंगोलीच्या बसस्टँडमागे गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानावर एक खोली, तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि बारा महिने ढेपेचा वास, एवढंच आमचं ऑफिस. आम्ही शाळांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करायचो. सर हैदराबादला बरीच वर्षं मोठ्या कंपनीत होते. तिथून परत का आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे, राहणं एकटं. दुसऱ्या टेबलावर राठोडदादा बसायचे, सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. "आमचे पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, मी खुर्चीत बसून डेटा लादून राहिलो," असं ते दर नव्या माणसाला ऐकवत. तिसऱ्या टेबलावर मी, शिरड शहापूरहून रोज एसटीनं येणारी.

सरांचं दार वाजवणं नुसत्या दारापुरतं नव्हतं. माझ्या कोडमध्ये काही अडलं आणि मी हाक मारली, की ते यायचे आणि स्क्रीनकडे पाठ करून उभे राहायचे. "आता बघू का?" मी बघा म्हटल्यावरच वळायचे. टेबलावर कोणाचा मोबाइल उजळला, की त्यावर झटकन वही ठेवायचे. खालच्या टपरीवर जाऊन विचारायचे, "चहा द्याल का?" टपरीवाला वैतागायचा. "सर, चहाचंच दुकान हाय हे. न्हाई कशाला म्हनीन?" सर म्हणायचे, "तरी पण. आज तुमची इच्छा नसंल तर?"

त्यांच्या टेबलाला एक खण होता. त्याला कुलूप नव्हतं, नुसती एक चिठ्ठी चिकटवलेली, 'खाजगी'. आता कुलूप नसलेला खण आणि वर 'खाजगी' लिहिलेलं, म्हणजे माणसाच्या बोटांना खाज सुटणारच. राठोडदादा आणि मी पैज लावली होती. ते म्हणायचे आत हैदराबादी बिस्किटं आहेत, मी म्हणायचे प्रेमपत्रं. चार महिने मी कळ काढली आणि एके दिवशी सरळ विचारलं, "सर, खणात काय आहे?"

सर इतके खूश झाले की काय सांगू. "आजपर्यंत इचारणारी तूच पयली."

"मग काय आहे?"

"सांगणार न्हाई," सर म्हणाले. "इचारायचा हक तुझा, सांगायचा माझा." आणि आनंदानं काम करायला लागले.

माझा संताप झाला होता, हे कबूल करते.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये क्लास असतो. त्याला एक घर समजा. घराची ओसरी सगळ्यांसाठी, तिला आम्ही पब्लिक म्हणतो. आतली खोली घरच्यांची, ती प्रायव्हेट. बाकीच्या प्रोग्रॅमनी ओसरीवर यावं, काय हवं ते मागावं, आतल्या खोलीत घुसू नये, असा रिवाज आहे. पण भाषा तयार करणाऱ्यांनीच एक पळवाट ठेवली आहे, तिचं नाव रिफ्लेक्शन. आतल्या वस्तूचं नाव माहीत असलं, की दोन ओळी लिहायच्या आणि घराचा पत्रा उचकटून थेट आतल्या खोलीत उतरायचं.

मी नांदेडच्या कोर्समध्ये हे शिकून आले होते आणि मला त्याचा भारी अभिमान होता. पहिल्याच महिन्यात एका शाळेच्या निकालाच्या वेबसाइटसाठी मी टेस्ट लिहिल्या. टेस्ट म्हणजे आपलं कोड बरोबर चालतं का हे तपासणारं कोड. गुणांची बेरीज करणारी मेथड, म्हणजे घरातली एक कामकरीण, प्रायव्हेट होती. मी रिफ्लेक्शननं पत्रा उचकटला आणि तिला आतच गाठून तपासलं. सरांनी माझी परवानगी काढून ते वाचलं.

"भाकर कच्ची हाय का पक्की, हे कसं कळतं?"

"खाऊन."

"मंग तू तव्याखाली डोकं घालून काय बघून राहिली?"

राठोडदादांनी माझी बाजू घेतली. "पण सर, आपण वेबसाइटसाठी वापरतो ते तयार फ्रेमवर्क सोताच रिफ्लेक्शन करून सगळ्यांच्या प्रायव्हेटमध्ये हात घालतंय की. त्याला काहून बोलत न्हाई तुमी?"

"डाक्टरनं पोट फाडलं तर त्याला ऑपरेशन म्हणतेत. तू फाडलं तर पोलीस येतेत."

मला सगळ्या टेस्ट नव्यानं, ओसरीवरून लिहाव्या लागल्या. दोन दिवस मी धुसफुसत होते. पुढच्या आठवड्यात सरांनी ती आतली मेथड मोडून तिच्या तीन केल्या, नावंही बदलली. माझ्या टेस्ट जशाच्या तशा चालल्या. राठोडदादांनी गुपचूप एका ठिकाणी जुन्या नावानं रिफ्लेक्शन ठेवली होती. ते नाव आता घरात कोणाचंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं कोड तोंडघशी पडलं. सरांनी त्या दिवशी दादांसाठी चहाबरोबर खारी मागवली.

आणि मग काकू आल्या. काकूंचं वधू-वर सूचक केंद्र होतं, हिंगोलीत जुनं. त्यांना ते वेबसाइटवर आणायचं होतं.

"एक अडचण हाय बघा," काकू म्हणाल्या. "आपल्याकडं स्थळ नको असलं की कोणी तोंडानं नको म्हणत न्हाई. पत्रिका जुळत न्हाई, असंच कळवतेत. खरं कारण येगळंच ऱ्हातं. कोणाला सासू तोंडाळ दिसली, कोणाला शेत लांब पडलं. मला ते खरं कारण ठावं असलं तर पुढचं स्थळ नीट दाखवता येतं. पण ते बाहेर फुटलं तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई."

सरांचा चेहरा असा खुलला की जणू आयुष्यभर ते याच कामाची वाट बघत होते. त्यांनी 'नकार' नावाचा क्लास लिहिला. ओसरीवर 'सांगायचं कारण', आतल्या खोलीत 'खरं कारण'. ज्या घरानं नकार दिला त्यांनी आपल्या मोबाइलवर खरं कारण लिहायचं. ते अक्षरं घुसळून, कोणाला वाचता येणार नाही असं साठवलं जायचं. ते उलगडणारी मेथड प्रायव्हेट होती आणि तिचा उपयोग पुढचं स्थळ निवडण्यापुरता, आतल्या आतच व्हायचा. त्याहून कडी म्हणजे, नकार कोणत्या बाजूनं आला हेही दोन्ही घरांना दिसत नसे. दोघांनाही एकच ओळ दिसायची, 'पत्रिका जुळत नाही'.

"मला बी दिसणार न्हाई," सरांनी काकूंना शब्द दिला.

पण सगळ्यात खाली त्यांनी एक बटण ठेवलं होतं, 'कारण विचारायचं आहे का?' ते दाबलं की ज्या घरानं नकार दिला त्यांना प्रश्न जाणार. त्यांनी वाटलं तर सांगावं, नाहीतर 'सांगायचं नाही' म्हणावं. वेबसाइट सुरू होऊन सहा महिने झाले तरी त्या बटणाला कोणी हात लावला नाही. कोण लावणार? नकाराचं कारण विचारायचं म्हणजे आपल्याकडे केवढा निर्लज्जपणा.

"सर, काढून टाकू हे बटण," राठोडदादा म्हणाले. "उगं जागा अडवून राहिलं."

"कोणी वाजवत न्हाई म्हणून दार काढतेत का?"

दरम्यान माझं नावही आईनं काकूंकडे घातलं होतं. मोबाइल नंबर आईचा, लॉगिन माझं. कनेरगाव नाक्याचं एक स्थळ आलं. घरची शेती, रस्त्यावर ढाबा, मुलगा शेतकी शिकलेला आणि दोन्ही सांभाळणारा. बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी नेहमीचंच विचारलं, स्वयंपाक येतो का, उंची किती. मुलानं मात्र विचारलं, "तुमच्या कामात चूक झाली तर तुमाला कळतं कसं?" मी टेस्टबद्दल सांगायला लागले आणि त्यानं खरंच ऐकलं. मध्येच म्हणाला, "मंजे पेरल्यावर उगवलं का न्हाई, हे रोज जाऊन बघायचं." मला तो आवडला. लपवत नाही, फार आवडला.

आठ दिवसांनी आई म्हणाली, "पत्रिका जुळत न्हाई म्हनं."

मी 'बरं' म्हटलं आणि भाकरी कुस्करत बसले. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. माझ्यात काय खोट होती? रंग? एसटीनं रोज एकटी जाते ते? बोलले जास्त? जन्मभर हे आपल्याला कळणार नाही, ही गोष्ट मला सहन होईना. आणि खरं कारण तर माझ्यापासून दोन हातांवर, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये पडलं होतं.

सर दुपारी जेवण झालं की कयाधू नदीच्या पुलापर्यंत चालून यायचे. राठोडदादा बँकेत गेले होते. मी 'नकार' क्लास उघडला. नाव सांगून आतली मेथड मागवली, पुढच्या ओळीत 'सेट ॲक्सेसिबल, ट्रू' लिहिलं, म्हणजे पत्रा उचकटला, आणि तिच्या हातात माझ्या स्थळाचा नकार ठेवला. एंटर दाबलं.

स्क्रीनवर ओळ आली, 'दार वाजवलं असतं तर बरं झालं असतं.'

मी खुर्चीतून उठलेच. वाटलं सर मागे उभे आहेत. नंतर उमगलं, त्या मेथडला आपल्याला कोण बोलावतंय हे मागे वळून बघायला सरांनी शिकवून ठेवलं होतं. घरातल्यानं हाक मारली तर खरं कारण द्यायचं, पत्र्यातून कोणी उतरलं तर हे ऐकवायचं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, दारावर टकटक झाली. सर आत आले आणि माझा चेहरा बघून स्क्रीनकडे पाठ करून उभे राहिले. "काही अडलंय का? आता बघू का?"

मी नाही म्हणाले असते तर त्यांनी कधीच बघितलं नसतं. दोन ओळी पुसल्या की संपलं होतं. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, हेही डोक्यात येऊन गेलं. पण त्या माणसाच्या पाठीकडे बघून मला खोटं बोलवेना.

"बघा सर," मी म्हटलं आणि रडायला लागले.

सरांनी वाचलं. एकदा, मग चष्मा पुसून पुन्हा. "चाललं की बराबर!" ते ओरडले. "इतके दिवस झाले, कोणी वापरलंच न्हाई. मला वाटून राहिलं होतं चालतं का न्हाई कोणास ठाऊक!" मग माझ्याकडे बघून एकदम ओशाळले. कोणाचा नकार ते त्यांनी विचारलं नाही. ते न विचारताही कळत होतं.

"माझं चुकलं सर."

"चुकलं तर हायच." ते खुर्ची ओढून बसले. "खाली बटण हाय की गं बाई."

"आणि ते सांगायचं नाही म्हणाले तर?"

"मंग न्हाई म्हणाले. खणाचं इचारलं तवा मी न्हाई म्हणालोच ना? मेली का तू?"

मी डोळे पुसले आणि बटण दाबलं. त्या वेबसाइटवर ते बटण कोणीतरी पहिल्यांदाच दाबलं होतं. सरांनी खालून दोन चहा मागवले.

संध्याकाळी घरी पोचले तर आई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत होती. मोबाइल हात लांब करून तिनं माझ्यापुढे धरला. "हे बघ गं, काय आलंय. काकूंच्या इथून हाय."

मी वाचलं. 'कनेरगाव नाका येथील स्थळाबाबत नकाराचं कारण विचारलं आहे. सांगाल का?'

मला समजायला जरा वेळ लागला. प्रश्न नकार देणाऱ्याच्या घरी जातो. तो माझ्याच घरी आला होता.

"आई, नकार तू दिलास?"

आईनं घाटे खाली ठेवले. "दिला."

"काहून?"

"ढाबा हाय त्यांचा. रोज शे-दोनशे भाकरी. सून आली की तव्यावर बसवनार. तू एवढं शिकली, एसटीच्या धक्क्यात नांदेडला जाऊन आली, ते का त्याच्यासाठी? तुझा कम्प्युटर चुलीत गेला असता, माय."

"मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनाली असतीस. तुझं तोंड बघितलं होतं मी त्या दिशी."

मला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. माझ्यात खोट नव्हती. माझ्यावर एवढा जीव असलेल्या बाईनं माझ्यासाठी नकार दिला होता, मला न विचारता, आणि त्या मुलाच्या घरी न विचारता. मी शेजारी बसून घाटे सोलायला लागले. आई मोबाइलकडे बघत म्हणाली, "आता काय लिहू यांना?"

"खरं आहे ते लिही."

आईनं सांगितलं, मी टाइप केलं, 'पोरीला ढाब्यावर भाकरी थापायला बसवतील, अशी भीती वाटली.' मग ते मुलाच्याही घरी पाठवायला तिनंच सांगितलं. पत्रिकेचं खोटं त्यांनाही गेलं होतं.

उत्तर मुलाच्या वडिलांकडून काकूंना फोनवर आलं. एकच वाक्य, "येऊन बघा म्हणावं."

रविवारी आई, मी आणि सर कनेरगाव नाक्याला गेलो. सरांना मीच बोलावलं होतं. आता ढाब्याला दार कुठून असणार? चारी बाजूंनी मोकळा. सर जरा गोंधळले, मग पत्र्याच्या खांबावर दोनदा टकटक करून उभे राहिले. चार ट्रक ड्रायव्हर जेवता जेवता बघायला लागले. आत काठवटीपुढे मुलाचे वडील बसले होते, हात पिठात, समोर तव्यावर भाकरी टम्म फुगलेली.

"या की! दार वाजवून ढाब्यावर कोण आलं म्हणून बघून राहिलो," ते म्हणाले. "बाई, तुमाला कोणी सांगितलं हितं बाया भाकरी करतेत म्हणून? वीस वर्षं झाली, मीच थापतो. आमच्या मंडळींला बी तव्याला हात लावू देत न्हाई. तिच्या भाकरी फुगत न्हाईत."

आईनं एक भाकरी उचलली, मोडली, खाल्ली. "कडा जाड हाय," म्हणाली. पण दुसरी घेतली.

मुलगा बाजूला उभा होता. मी त्याला विचारलं, "माझं काम चालू राहील ना?" तो म्हणाला, "हितून हिंगोलीची बस दर अर्ध्या तासाला हाय. मी वेळापत्रक लिहून ठेवलंय." तो कागद त्याच्या खिशातच होता. मग पत्रिका कोणी काढल्याच नाहीत.

लग्नानंतर मी कनेरगावहून ऑफिसला यायला लागले. एकदा काकूंच्या वेबसाइटची जुनी यादी नीट करत होते. पहिल्याच नोंदीवर थांबले. स्थळ क्रमांक एक, आमचे सर. दुसऱ्या बाजूला नरसी नामदेव गावच्या शाळेतल्या एक बाई. आणि ओळ तीच, 'पत्रिका जुळत नाही'. काकूंना फोन केला.

"अगं, चाचणीसाठी एक खरं नाव पायजे म्हणाले ते. मी त्यांचंच घातलं. स्थळ बी खरंच दाखवलं. दोन भेटी झाल्या, चांगल्या झाल्या. मंग हे असं."

मी कोडची जुनी नोंद काढून पाहिली. 'कारण विचारायचं आहे का?' हे बटण सरांनी त्या नकाराच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. तेव्हापासून ते जागा अडवून होतं. दुनियेसाठी दार केलं होतं त्यांनी, आणि स्वतः एकदाही वाजवलं नव्हतं. मला त्यांचा इतका कळवळा आला, आणि तितकाच रागही.

"सर, जरा इकडे या."

ते आले, पाठ करून उभे राहिले. "आता बघू का?"

"बघा."

ते वळले. स्थळ क्रमांक एक बघून त्यांचे कान लाल झाले. राठोडदादांनी शहाण्यासारखं उठून खाली जायचं निमित्त काढलं.

"तुमच्या वतीनं दाबू का?" मी विचारलं.

"नको. त्यांना तकलीफ होईल."

"तुम्हीच म्हणालात ना, सांगायचा हक त्यांचा. नाही म्हणतील. मराल का तुम्ही?"

सर हसले, वाकले आणि स्क्रीनच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक केली. जरा थांबले. आणि बटण त्यांनी स्वतः दाबलं.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. काय आलं ते मी सांगणार नाही, ते सरांचं खाजगी आहे. फारच उत्सुकता असेल तर त्यांनाच विचारा. हल्ली ते नरसीला राहतात, शाळेच्या मागच्या गल्लीत. दार वाजवा. दोघांपैकी कोणीतरी उघडेल.